आधी आवाज सारखा करा

गणवीर सरांसमोर एखादी गोष्ट चांगली आहे असं म्हणायची सोय नव्हती. दिघोरीच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते भौतिकशास्त्र शिकवत आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी, त्यामुळे या जाचाचा सगळ्यात मोठा वाटा माझ्याच पदरात पडला. मी म्हणावं, "आज चहा बरा झालाय," की वर्तमानपत्राच्या मागून आवाज यायचा, "कशापेक्षा?" कालच्यापेक्षा, असं म्हटलं तर पुढचा प्रश्न तयार असायचा. "काल तुमी उपाशी पोटी पेले होते, आज डबा खाऊन पेऊन राहिले. मंग जमवता कसं जी?" तोवर चहा गार झालेला असायचा आणि मग तो खरंच बरा लागायचा नाही.

हा स्वभाव त्यांच्यात नोकरीनंतर आला असं समजू नका. त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा वहिनींनीच मला मुलगी पाहण्याचा किस्सा ऐकवला. पोहे झाले, चहा झाला, मामांनी विचारलं, "काय बापू, पोरगी कशी वाटली?" तर नवरदेव म्हणतात, "कशापेक्षा?" वहिनींचे वडील उठून चप्पल शोधायला लागले. "मी एकच पोरगी पाह्यली होती जी," सर भाताचा घास हातात धरून मला म्हणाले. "तुलना करायले दुसरी होतीच कोठी? खोटं कायले बोलू?" यावर वहिनींनी वाढता वाढता उरलेला भाग सांगितला. "अन् मंग म्हणे, दुसरी पाहाची मले इच्छाच नाही. तवा कोठी माझा बाप खाली बसला." सर एवढे लाजले की त्यांनी पुढचा सगळा भात मान खाली घालून संपवला.

असा माणूस एखाद्या छंदाला लागलाच तर तो तुलनेचाच छंद असणार. सर लागले कानात बसणाऱ्या हेडफोनच्या मागे, आणि त्यातही प्लॅनर मॅग्नेटिक नावाच्या जातीच्या. हे नाव ऐकून स्टाफरूममध्ये एकाने त्यांना गुडघेदुखीवरचा पट्टा कुठे मिळतो असं विचारलं होतं. सर रागावले नाहीत. त्यांनी चपराशाला मीटिंगची सतरंजी आणायला लावली.

"हे पाहा," ते म्हणाले. "साध्या हेडफोनमंदी आवाज काढणारा पडदा एकाच जागी धरून हालवते." त्यांनी सतरंजी मधोमध धरून झटकली. कोपरे मागे लोंबत राहिले. "आता चौघंजण चार कोपरे धरा अन् संगच उचला. झाली का नाही सगळी एका दमात वर? प्लॅनरमंदी पडदा कांद्याच्या सालीहून पातळ असते, अन् तार त्याच्या अंगभर पसरलेली असते. दोन्हीकडून चुंबक. म्हणून सगळा पडदा संगच हालते. ढोलकीची थाप पडली का पडली, मागं रेंगाळत नाही." धूळ सगळ्यांच्या नाकात गेली, पण प्लॅनर म्हणजे काय ते आमच्यापैकी कुणीही पुढे कधी विसरलं नाही.

त्यांच्या शर्टाच्या खिशात चुन्याची एक जुनी डबी असे. तासाला जायच्या आधी ते ती उघडत, बोटाने आतलं काहीतरी चाचपत आणि बंद करत. आमच्याकडे सुपारी-तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यांची कमतरता नाही, त्यामुळे प्राचार्यांनी जे समजायचं ते समजलं. एकदा भर व्हरांड्यात त्यांनी सरांना अडवलं. "गणवीर सर, तुम्ही विज्ञानाचे शिक्षक. निदान वर्गाच्या दारात तरी खर्रा नको." सरांनी डबी उघडून पुढे केली. आत हेडफोनच्या तोंडाला लावायच्या रबरी टोप्या होत्या, लहान, मध्यम, मोठ्या. प्राचार्यांनी एक उचलून हुंगली आणि परत ठेवली. त्यानंतर ते सरांना काही विचारायच्या आधी जरा थांबू लागले.

माझे कान म्हणजे केवळ चष्मा अडकवायला दिलेले आहेत, असं माझी बायको म्हणते. तरीही सरांनी एका दुपारी मला घरी बसवून परीक्षा घेतलीच. त्यांची परीक्षेची चीज ठरलेली होती. विहारात गावच्या बायकांनी म्हटलेलं एक गाणं त्यांनी स्वतः रेकॉर्ड केलं होतं. पेटी, ढोलकी, टाळ्या, आणि डावीकडे कुणाच्या तरी बांगड्या. पहिली जोडी कानात घातल्यावर मी तज्ज्ञासारखा चेहरा करून म्हटलं, "ढोलकी फारच बारीक आहे." सर उठले, बैलाचे दात पाहावेत तसं त्यांनी माझ्या कानात पाहिलं, डबीतून मोठी टोपी काढून लावली आणि जोडी परत बसवली. ढोलकी एकदम छातीत वाजली. "कानात फट होती, सर. आवाज तिथून पळून जाऊन राहिला होता."

मग त्यांनी दुसरी जोडी दिली. मी म्हटलं, ही जास्त चांगली. त्यांनी मोबाइलवर काहीतरी केलं आणि पहिली पुन्हा दिली. मी म्हटलं, नाही नाही, हीच चांगली. असं दोनतीनदा झाल्यावर ते हसले. "लांजेवार सर, तुमी जोडी नाही निवडून राहिले. ज्याचा आवाज वाढवला ते निवडून राहिले." मी ओशाळलो. तर म्हणाले, "तुमचाच नाही, माणसाचा कानच असा आहे. माझाही. थोडा मोठा आवाज असला का त्याले ते चांगलंच वाटते. म्हणून आधी आवाज सारखा करा, मंग बोला." त्यासाठी त्यांनी एक जुगाड केलं होतं. आवाज मोजायचं छोटं मीटर आणि त्याच्या तोंडाला बोटभर रबरी नळी. नळीत हेडफोन खोचायचा, आकडा पाहायचा, सगळ्या जोड्या त्याच आकड्यावर आणायच्या. त्याशिवाय ते कुठल्याही जोडीबद्दल बरं किंवा वाईट एक शब्द काढत नसत.

हा नियम त्यांनी हेडफोनपुरता ठेवला असता तर आमचं आयुष्य सोपं झालं असतं. स्टाफ मीटिंगमध्ये वेळापत्रकावरून दोघे भांडायला लागले की सर मधेच हात वर करायचे. "आधी आवाज सारखा करा. मंग कोणाचं खरं आहे ते पाहू." ज्याचा आवाज मोठा तो बापडा गप्प व्हायचा आणि ज्याचा बारीक त्याला बोलावंच लागायचं. पुष्कळदा मोठ्या आवाजात काही नव्हतंच असं निघायचं. कधीकधी बारीक आवाजातही काही नव्हतं असं निघायचं, आणि सर तेही तितक्याच शांतपणे सांगायचे.

जोड्या ते विकत क्वचितच घेत. देशभरातल्या छंदिष्टांचा एक गट होता. एकाने घेतलेली जोडी कुरिअरने गावोगाव फिरायची, प्रत्येकाकडे आठवडाभर राहायची, आणि प्रत्येकाने आपलं मत गटावर लिहायचं. बंगळूर, पुणे, गुवाहाटी आणि मधे दिघोरी. कुरिअरवाला भंडाऱ्याच्या पुढे यायला तयार नसायचा, मग सर एसटीने जाऊन पुडकं घेऊन यायचे. बाकीचे सगळे इंग्रजीत लिहीत. सर मराठीत लिहीत आणि खाली कुणीतरी ते बाकीच्यांना समजावून देई. बास, ट्रेबल असे शब्द त्यांना येत होते, पण ते वापरायचे नाहीत. आवाज किती पसरलेला वाटतो, कोण कुठे बसून गातंय हे किती कळतं, याला ते अंगण म्हणत. एका महागड्या जोडीबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "अंगण मोठं आहे, पण झाडलेलं नाही." ते वाक्य गटात इतकं चाललं की गुवाहाटीचा एक डॉक्टर तेवढंच मराठी शिकला.

अंगण हा शब्द त्यांच्याकडे कुठून आला ते मला उशिरा कळलं. त्यांचं मूळ गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं. लोक नव्या वसाहतीत आले. सरळ रांगा, एकसारखी घरं. "जुन्या गावात डोळे मिटून बसलं तरी कळे," ते एकदा म्हणाले. "कोणाच्या आंगणात कोण बोलून राहिलं, कोण भांडी घासून राहिलं. दूर किती, जवळ किती. नव्या घरी गेलो तं सगळे आवाज एकाच भिंतीतून याले लागले." एवढंच म्हणाले आणि पेपर तपासायला लागले.

आता प्रज्ञा. सरांची एकुलती एक मुलगी. अकरावी-बारावीला ती आमच्याच कॉलेजात होती. भौतिकशास्त्राचा तिचा पेपर सर स्वतः तपासत नसत. लाखांदूरच्या एका शिक्षकाकडे पाठवत, आणि तिथून आलेले गुण ते वर्गात इतरांच्या गुणांसारखेच वाचून दाखवत. ती पहिली आली तेव्हाही आणि चौथी आली तेव्हाही त्यांच्या आवाजात काडीचा फरक नव्हता. घरी मात्र वहिनी वैतागायच्या. "अहो, पोरगी पहिली आली. चांगलं म्हणा नं तिले." सर म्हणायचे, "पहिली आली हे आकडे सांगून राहिले. चांगलं का नाही ते तिले समजून राहिलं." प्रज्ञा आईसारखी ठसक्याची, तिनं कधी रडून दाखवलं नाही. पुढे ती नागपूरला इंजिनिअर झाली आणि पुण्यात एका छोट्या कंपनीत लागली. ती कंपनी काय बनवते ते ऐकल्यावर कुणालाही फार आश्चर्य वाटलं नाही. कानात बसणारे हेडफोन.

काही वर्षांनी, जयंतीच्या आठवड्यात, ती गावी आली. सोबत तीन प्लॅनर जोड्या आणल्या होत्या. दोन बाजारातल्या नावाजलेल्या. तिसरी तिची. पडद्यापासून आवाजाच्या शेवटच्या हातापर्यंत पहिल्यांदाच सगळं तिनं केलं होतं, आणि महिन्याभराने ती जोडी विक्रीला जायची होती. तिन्हींवरची नावं काळ्या चिकटपट्टीने झाकली होती. ओळखीसाठी वायरींना लाल, पिवळा आणि निळा दोरा बांधला होता. कोणता दोरा कुणाचा हे सरांना सांगायचं नाही, हा तिचाच हट्ट होता.

ओसरीत मी आणि ती दोघंच बसलो होतो. "काका," ती म्हणाली, "बाबांनी आजवर माझ्या कोणत्याच कामाले चांगलं म्हटलं नाही. या वेळी मले ते ऐकाचं आहे. पण बाप म्हणून नाही. त्यायले माहीत नसताना, तिघांतून माझी उचलून ही चांगली म्हणाले पाहिजे." मी म्हटलं, आणि नाही उचलली तर? तिनं खांदे उडवले, पण बोटाने साडीचा काठ गुंडाळत राहिली. एवढी शिकलीसवरलेली मुलगी एका शब्दासाठी पुण्याहून आली होती.

गोष्ट घरात राहिली असती तर सरळ झाली असती. पण गावच्या पोरांच्या कमिटीने विहाराच्या अंगणात प्रज्ञाचा सत्कार ठरवला, आणि बंडूच्या डोक्यात आलं की सगळ्या गावालाच ऐकवू. बंडू प्रज्ञाच्या वर्गातला, आता गावात मंडप आणि साउंड लावतो. तीन टेबलं, तीन मोबाइल, तीन जोड्या, आणि झाकलेल्या तीन वाट्या. ज्याला जी आवडेल त्या रंगाच्या वाटीत त्याने लाखोळीचा एक दाणा टाकायचा. सर तयार झाले, पण त्यांच्या अटींवर. गाणं एकच. नावं कुणी सांगायची नाहीत. सकाळी स्वतः येऊन त्यांनी मीटरने तिन्हींचा आवाज एका आकड्यावर आणला आणि बजावलं, "याले आता कोणी हात लावाचा नाही." ते स्वतः सगळ्यांच्या शेवटी ऐकणार होते.

दुपारभर रांग लागली. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या, बायकांनी केस मागे सारले. कुणी पहिल्यांदाच कानात असलं काही घालत होतं आणि गाणं संपेपर्यंत हलत नव्हतं. ज्यांनी ते गाणं म्हटलं होतं त्या बायका तर आपलाच आवाज ऐकून एकमेकींना चिमटे काढत होत्या. पाचच्या सुमाराला कमिटीला धीर धरवला नाही. वाट्या उघडल्या. लाल वाटीत दाण्यांचा ढीग, बाकी दोन्हींत तळाशी थोडे. लाल म्हणजे कोण, हे कमिटीतल्या पोरांना बंडूकडून कधीच कळलं होतं. टाळ्या सुरू झाल्या. प्रज्ञाच्या खांद्यावर शाल आली. तिचा चेहरा असा उजळला होता की मलाही वाटलं, झालं, आता सरांनी फक्त कानात घालायचं बाकी आहे.

तोवर संध्याकाळच्या भोजनाच्या चुलीकडे असलेले सर आता टेबलाशी आले. सवयीप्रमाणे त्यांनी आधी मीटर काढलं, लाल दोऱ्याची जोडी नळीत खोचली आणि आकडा पाहिला. परत पाहिला. मग त्यांनी माइक मागितला.

"लाल दोऱ्याचा आवाज वाढवलेला आहे," ते म्हणाले. "सकाळी मी तिन्ही सारखे केले होते. ही मोजणी रद्द करा."

टाळ्या एकदम थांबल्या. मागून बंडू रडवेल्या आवाजात म्हणाला, "सर, लाल प्रज्ञाचा हाय."

"मंग तं दोनदा रद्द."

बंडूने कबूल करून टाकलं. दोरे बांधताना तो प्रज्ञाच्या मदतीला होता, त्यामुळे त्याला रंग माहीत होता. कार्यक्रम सुरू झाल्यावर त्याला लाल जोडी किंचित हळू वाटली. आपल्या गावची पोरगी कमी पडू नये म्हणून त्याने दोन घर आवाज वाढवला. त्यात त्याला काही वावगं वाटलंही नव्हतं. पाहुण्याच्या ताटात दोन वडे जास्त टाकावेत, तसं त्याने ते केलं होतं.

वहिनी तरातरा पुढे आल्या. "सगळं गाव खुश हाय. तुमाले एकट्यालेच काय होते?"

"गाव कायच्यावर खुश आहे?" सर म्हणाले. "पोरीच्या कामावर का बंडूच्या बोटावर? मले तेच पाहाचं आहे." मग ते प्रज्ञाकडे वळले आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "अन् आता कोणती कोणाची हे मले समजलं. मी आता ऐकू शकत नाही, बेटा. माझा कान बाद झाला."

हे वाक्य तिला कुठे लागलं ते मी पाहिलं. जे ऐकायला ती आली होती ते आता मिळणारच नव्हतं. पहिला नंबर गेला तो गेला, बापाचं मतही गेलं. मला वाटलं, शाल टाकून ही घरी निघून जाणार, आणि तिचं काही चुकणारही नाही.

ती स्टेजवरून उतरली. वडिलांच्या हातातलं मीटर घेतलं. लाल जोडी नळीत खोचली, मोबाइलवरचा आवाज एक घर खाली आणला, आकडा पाहिला, आणखी एक घर खाली आणला. मग पिवळी तपासली, निळी तपासली. सगळं गाव बघत होतं. ज्या हाताने ती जोडी घडवली त्याच हाताने तिनं तिचा आवाज कमी केला. मला आजही ते आठवलं की ऊर भरून येतो, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

"आता सारखे आहेत," ती म्हणाली. "पण ऐकन कोण? गावाले तं रंग माहीत झाला."

तेवढ्यात विहाराच्या फाटकाशी गाडी थांबली. संध्याकाळच्या भोजनाला सरांचे नातेवाईक नव्या वसाहतीतून आले होते, पंधरावीस माणसं, सगळ्यात पुढे सरांची मोठी बहीण. त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. काय करायचं ते सगळ्या गावाला एकाच वेळी सुचलं. सरांनी माइकवर सांगितलं, "आता कोणी रंगाचं नाव घ्यायचं नाही. इशारा करायचा नाही. खोकलायचं पण नाही."

आत्याबाई पदर सावरून खुर्चीत बसल्या. लाल जोडी कानात घातली. मान डोलायला लागली. शंभर माणसं श्वास धरून उभी. "गोड हाय," त्या मोठ्याने म्हणाल्या, कारण कानात हेडफोन असलं की सगळेच मोठ्याने बोलतात. "पर गाण्यात स-स आला का कानाले टोचते." मागे कुणीतरी खोकलं. सरांनी असं पाहिलं की खोकला मधेच गिळला गेला. मग निळी ऐकली. आत्याबाईंनी डोळे मिटले, आणि गाणं संपल्यावर दाणा सरळ निळ्या वाटीत टाकला. अंगणभर एक हुंकार उठला. "काहून जी, काय झालं?" त्यांनी विचारलं.

शेवटी निळी पहिली आली. लाल तिच्या थोडी मागे, दुसरी. पिवळी बरीच मागे. सरांच्याच रक्ताच्या माणसांनी सरांच्या लेकीला खाली आणलं होतं. खरं काय ते कळल्यावर आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला आणि निळ्या वाटीकडे धावल्या. "माझा दाणा वापस द्या. मले काय माहीत पोरीची कोणती हाय?" सरांनी वाटीवर हात ठेवला. "टाकला तो टाकला, बाई."

त्या संध्याकाळी मला त्या माणसाचा राग आला. मुलगी तिथेच आत्याजवळ बसून कोणत्या शब्दाला टोचतं, कोणत्या बाजूला टोचतं हे पुन्हापुन्हा ऐकवून विचारत होती. मला म्हणाली, "काका, पुण्यात सगळे मस्त म्हणून राहिले होते. हे टोचणं मले कोणीच सांगितलं नव्हतं." अजून महिना हातात होता, ते काढता येणार होतं. म्हणजे ती सावरली होती. पण सर काय करत होते? वायरी गुंडाळत होते. पोरीला एक शब्द बोलले नाहीत. जेवणाच्या पंगतीतही बोलले नाहीत. वहिनींनी त्यांच्या ताटात भाजी जरा आदळूनच वाढली.

पुढच्याच वर्षी सर निवृत्त झाले आणि दोघं पुण्याला मुलीकडे राहायला गेले. स्टाफरूममध्ये त्यांच्या खुर्चीवर आता एक तरुण बसतो. भला आहे, सगळ्याला मस्त म्हणतो. सरांचा फोन कधीतरी येतो. पण मला सर आठवतात ते त्या सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळचे, एसटी स्टँडवरचे.

प्रज्ञा भंडाऱ्याच्या गाडीने निघाली होती. मी निरोप द्यायला गेलो होतो. गाडी लागली, ती खिडकीशी बसली, वहिनी खाली उभ्या. सरांचा पत्ता नव्हता. मग ते दिसले, हॉटेलातून बाहेर येताना, हातात पेढ्यांचा मोठा डबा. चहावाल्यापासून त्यांनी सुरुवात केली. "घ्या. पोरगी दुसरी आली."

"कशात, सर?"

"आवाजात. तिघांत दुसरी."

चहावाल्याने एकदा सरांकडे आणि एकदा पेढ्याकडे पाहिलं आणि विचार न करता पेढा तोंडात टाकला. पेपरवाल्याला दिला. गाडीत चढून प्रवाशांना दिला. ज्यांना काल काय झालं ते ठाऊक होतं ते मान खाली घालून हसत होते. कंडक्टर बाहेरगावचा, त्याने सरळ विचारलं, "सर, मग पहिली कोण आली?"

"ते निळी. मोठी कंपनी आहे, चांगलं काम आहे त्यायचं," सर म्हणाले. "पण ऐका. काल पाच वाजेपर्यंत माझी पोरगी पहिली होती. सगळं गाव टाळ्या वाजवून राहिलं होतं. तिनं आपल्या हातानं आपला आवाज कमी केला, अन् दुसरी आली. तो पहिला नंबर राह्यला असता तं मी कोणाले पेढा दिला नसता. हा दुसरा खरा आहे. तुमी दोन घ्या."

कंडक्टरने दोन घेतले. वहिनी पदराने डोळे पुसत होत्या आणि वर म्हणत होत्या, "हेच घरी सांगाले काय झालं होतं या माणसाले?" गाडी सुरू झाली. सर खाली उतरले, खिडकीशी आले आणि इंजिनाच्या घरघरीवरून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "प्रज्ञा, चांगलं केलं तू."

प्रज्ञानं खिडकीतून हात बाहेर काढून दोन बोटं दाखवली. सरांनीही रिकामा डबा काखेत धरून दोन बोटं वर केली, आणि गाडी तलावाच्या पाळीमागे वळेपर्यंत ती तशीच वर धरून ते उभे होते.